जुन्या इस्त्रीवरच्या खुणा वाचताना

आधी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवा. गंज घासायला गेलात तर पुसट झालेली अक्षरंही जातील. मऊ ब्रशने धूळ झटका आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा. अक्षरांच्या कडा सावलीत उठून दिसतात. मुठीखाली बघायला विसरू नका. कोळशाची इस्त्री असेल तर झाकणाची आतली बाजूही बघा.

एकटाच ठळक ६ किंवा ७ दिसला की लोक त्यात साल शोधत बसतात. तो बहुतेक वेळा आकाराचा क्रमांक, नाहीतर वजन. खरा धागा अक्षरांत. 'डी.आर.जी.एम.' म्हणजे जर्मन नोंदणी, १८९१ किंवा नंतरची. 'एस.जी.डी.जी.' ही फ्रेंच पेटंटची खूण. शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट आणि तिच्या कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील तर तुमचं नशीब जोरावर: ती ब्रिटिश डिझाइन नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३ मधली, आणि तिच्यावरून नोंदणीचा दिवससुद्धा काढता येतो.

पेटंटची तारीख मात्र इस्त्रीचं वय धरू नका. अमेरिकन संशोधक मेरी पॉट्सचं सुट्या (काढता-घालता येणाऱ्या) मुठीचं पेटंट १८७१ चं, पण तशा इस्त्र्या पुढे कित्येक वर्षं बनत राहिल्या.

अक्षरं बोथट आणि तळावर ग्राइंडरचे ताजे ओरखडे? मग नक्कल असण्याचा संशय घ्या, पैसे मोजायच्या आधी.