टोमॅटोच्या पॉलिहाऊसमध्ये मित्रकीटक सोडून फवारणी बंद करता येईल का?

दहा गुंठ्यांत टोमॅटो, पांढरी माशी आणि टुटा (पान-फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग) दोन्ही दिसताहेत, आणि कुणीतरी ढालकिडे (लेडीबर्ड) सोडायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. ढालकिड्यांवर पैसे घालू नका.

कारण झाडातच आहे. बगलफूट काढताना बोटं हिरवट-काळी, चिकट होतात ना, तो खोडापानांवरच्या लवेतला चीक. त्यात ढालकिड्याच्या किंवा क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाच्या अळीला धड चालता येत नाही. दुसऱ्या पिकात उत्तम काम करणारे कीटक टोमॅटोत ढेपाळतात ते यामुळे.

या लवेतून बिनधास्त फिरतो तो नेसिडिओकोरिस टेन्युइस नावाचा, पिकात राहणारा मिरीड कुळातला ढेकूण. हिरवट, सडपातळ, तीन-चार मिलिमीटरचा. पांढऱ्या माशीची पिल्लं आणि टुटाची अंडी सोंडेने शोषतो. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या हरितगृहांत टोमॅटोची बरीच मदार त्याच्यावर असते. आपल्याकडेही तो आढळतो. फवारा न मारलेल्या टोमॅटोत किंवा तिळात शोधा, शेंड्याखाली बाटली धरून झटका. फक्त ढेकूणच आत न्या, फांदी आणलीत तर पांढरी माशी फुकटात येईल.

पण याला मोकाट सोडायचं नाही. खायला कीड उरली नाही की तो झाडच शोषतो. कोवळ्या खोडावर, देठावर तपकिरी कडं उमटतं, तिथून शेंडा कटकन मोडतो, फुलंही गळतात. आठवड्याला शेंडे बघा. कडी वाढली आणि पांढरी माशी दिसेना, तर नुसत्या शेंड्यांवर फवारून त्याची संख्या उतरवावी लागते.

टुटा 2014 साली महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडला. त्याच्यासाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या चिमुकल्या परजीवी कीटकाचं कार्ड चालतं, पण ट्रायकोग्रामा फक्त अंड्यावर काम करतो. अळी पानात शिरली की तिचं तो काही करू शकत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) पहिले पतंग दिसताच कार्डाच्या पट्ट्या पानाखाली सावलीत स्टेपल करायच्या. ऊसवाले वापरतात ते कार्ड बहुधा चिलोनिस जातीचं असतं, टुटासाठी अचेई जातीचं मागा. बंगळूरच्या एनबीएआयआर या कृषी कीटकांवरच्या राष्ट्रीय संस्थेकडे चौकशी करा.

एन्कार्सिया या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाशीबद्दलही विचारलंत. 1926 साली इंग्लंडमधल्या एका टोमॅटोवाल्याला पांढऱ्या माशीच्या पिल्लांत काही काळी पडलेली दिसली, तिथून तिचा वापर सुरू झाला. पुढे डीडीटी आलं आणि ती मागे पडली. पण ती हरितगृहातल्या वेगळ्या जातीच्या पांढऱ्या माशीवर तरबेज आहे. आपल्याकडे मुख्यतः बेमिसिया जातीची पांढरी माशी, तिच्यावर ती तितकी चालत नाही.

आता फवारणी पूर्ण बंद करण्याबद्दल: पांढरी माशी पसरवते तो लीफ कर्लचा (पानं आकसवणारा) विषाणू असेल तर नुसत्या कीटकांच्या भरवशावर राहू नका. माशी मरायच्या आधीच रोग देऊन मोकळी होते. 50 मेशची (इंचात 50 छिद्रांची) जाळी, दुहेरी दार आणि रोगट झाड दिसताच उपटणं, हे आधी. पिवळे चिकट सापळे मोजक्या जागी, माशी मोजण्यापुरते. भरमसाट लावले तर मित्रकीटकही चिकटतात.

पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं असेल तर कित्येक आठवडे काही सोडू नका, पानावरचा अंश त्यांना मारतो. शेवटचा फवारा कोणता आणि कधी मारला ते इथेच लिहा, मग सोडायची वेळ ठरवता येईल.