आवाज कुठे अडला? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भजनी मंडळाचा डायनॅमिक माईक कॅमेऱ्याला जोडण्यासाठी एका टोकाला एक्सएलआर (माईकचा जाड, तीन पिनांचा प्लग) आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची बारीक पिन असलेली केबल आणली. हेडफोनवर बुवांचा आवाज येतो, फक्त पोकळ वाटतो. तोच व्हिडिओ छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावला की आवाज जवळजवळ गायब, नुसती कुजबुज उरते. माईक गेला का? (वाचक, पंचवटी)

माईक ठणठणीत आहे, नवा घेऊ नका. घोळ केबलचा आहे.

एक्सएलआरच्या तोंडात डोकावून बघा, पिनांशेजारी १, २, ३ असे बारीक आकडे कोरलेले दिसतील. १ म्हणजे शील्ड, तारांभोवतीचं जाळीचं आवरण. २ आणि ३ वर एकच आवाज येतो, पण उलटा-सुलटा : एकीकडे लाट वर जाते तेव्हा दुसरीकडे खाली. तुमच्या केबलमध्ये २ नंबर बारीक पिनेच्या टोकाला, म्हणजे डाव्या चॅनलला, आणि ३ नंबर मधल्या कड्याला, म्हणजे उजव्या चॅनलला गेलाय. हेडफोनवर दोन्ही कानांत वेगवेगळं वाजतं म्हणून आवाज येतो. एकच स्पीकर असला की डावं-उजवं एकत्र मिसळतं आणि दोन्ही लाटा एकमेकींना खातात. मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासा : २ नंबर फक्त टोकाशी आणि ३ नंबर फक्त कड्याशी वाजला तर हेच कारण.

झालेलं रेकॉर्डिंग वाचवता येतं. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, एक ट्रॅक उडवा, उरलेला ‘अँप्लिफाय’ने उणे १ डेसिबलपर्यंत वर आणा. ‘मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो’ला मात्र हात लावू नका, त्याने स्पीकरवर झालं तेच फाइलमध्ये होईल. खरखर कमी हवी असेल तर एक ट्रॅक उडवण्याऐवजी त्यावर ‘इन्व्हर्ट’ इफेक्ट लावा आणि मग दोन्ही मिसळा.

पुढच्यासाठी केबल नव्याने सोल्डर करून घ्या : २ नंबरची तार बारीक पिनेच्या टोकाला आणि कड्याला, दोन्हींना, १ आणि ३ एकत्र करून बुडाला. अशी केबल लावल्यावर कॅमेऱ्याच्या मेनूतलं ‘प्लग-इन पॉवर’ (कॅमेऱ्याने माईकला पुरवायची वीज) बंद ठेवा, नाहीतर तो व्होल्टेज माईकच्या कॉइलमधून वाहत राहतो.

प्रश्न : वाडा जुना आहे. लॅपटॉप, यूएसबी इंटरफेस (माईक-स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि दोन स्पीकर जोडले की सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की कमी होतो. (वाचक, रविवार कारंजा)

हात लावल्यावर कमी होतो, म्हणजे अर्थिंगची बोंब आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं ५० किंवा १०० वर बसतो. कान तयार असेल तर ओळखाल : खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा.

आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं थांबला तर चार्जर आणि वायरिंगचं प्रकरण आहे. तोवर बॅटरीवर रेकॉर्डिंग करा, काम भागतं. मग इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. २३०च्या आसपास आला तर ठीक. त्याहून बराच कमी आला तर बोर्डात तिसरं भोक आहे, पण त्यामागे अर्थ नाही. तो घालून घेणं घूंसाठी नाही, जिवासाठी आवश्यक आहे.

अर्थ ठीक असूनही घूं उरला तर सगळी यंत्रं एकाच तीन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट (वर सांगितल्यासारखा उलट-सुलट दोन तारांवरचा आवाज घेणारा) असेल तर साध्या वायरीऐवजी टीआरएस केबल लावा, म्हणजे जिच्या पिनेला टोक, कडं आणि बूड असे तीन भाग असतात ती. प्लगची तिसरी पिन तोडून घूं घालवण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका.

प्रश्न : काळी एकमध्ये गायलेलं रेकॉर्डिंग ऐकताना पेटीशी जुळत नाही. पेटी आत्ताच ट्यून केली आहे. (वाचक, इंदिरानगर)

पेटीला दोष देऊ नका. रेकॉर्डिंग ४४,१०० सॅम्पल रेटने (म्हणजे सेकंदाला आवाजाचे इतके नमुने घेऊन) झालं आणि वाजताना ४८,००० समजून वाजलं तर स्वर साधारण दीड अर्धस्वर चढतो. काळी एक जाऊन बसते पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध, तिथे पेटीवर पट्टीच नाही! खात्री अशी करा : मोबाइलचं स्टॉपवॉच लावून टाळी वाजवा, ६० सेकंदांनी दुसरी वाजवा. फाइलमध्ये दोन टाळ्यांतलं अंतर ५५ सेकंद भरलं तर हेच. ६५ भरलं तर उलटी गडबड, स्वर उतरलेला असेल.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, साउंड, मग ‘रेकॉर्डिंग’ टॅबवर तुमचा माईक, प्रॉपर्टीज, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. तिथला आकडा, ‘प्लेबॅक’ टॅबमधला आकडा आणि सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट रेट, तिन्ही सारखे करा. जुनी चढलेली फाइल ऑडॅसिटीत उघडून ट्रॅकच्या मेनूत ‘रेट’ ४४,१०० केला की स्वर जागेवर येतो. ‘चेंज पिच’ वापरू नका, कारण लय चुकीचीच राहील.

प्रश्न : ऑनलाइन शिकवणीत तानपुरा काही सेकंद वाजतो आणि विरतो. (वाचक, नाशिकरोड)

अ‍ॅपला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते. सलग, एकसुरी आवाज म्हणजे गोंगाट, असंच त्याला शिकवलेलं असतं. झूममध्ये ऑडिओ सेटिंगमधून ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ असतील तर तीही बंद करा. शिष्याच्या बाजूलाही हेच करावं लागेल, नाहीतर त्याचा तानपुरा तुम्हाला ऐकू येणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कंडेन्सर माईक मधूनच तडतडतो. (वाचक, देवळाली कॅम्प)

आत दमट हवा गेलीय. सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर नको, आतला पडदा फार नाजूक असतो. वाळवूनही तडतड राहिली तर दुसरी केबल लावून बघा.