खाणीतून आणलेल्या झिओलाइटवरचा (खडकाच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकी खनिजं) कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, काढायला ॲसिड चालेल का?

नको. फरशी धुण्याच्या ॲसिडने कॅल्साइट जाईल, पण सोबत स्कोलेसाइट या झिओलाइटच्या सुयांसारख्या स्फटिकांवर जेलीसारखा थर चढेल आणि झिओलाइटसोबत सापडणाऱ्या अपोफिलाइट या खनिजाची चकाकी कायमची जाईल. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतला निळा कॅव्हनसाइट बरेचदा स्टिल्बाइट या झिओलाइटवर बसलेला असतो, तिथेही ॲसिड टाळाच.

माती काढायला साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून रात्रभर भिजवा, मग मऊ टूथब्रश फिरवा. सुयांच्या झुबक्यांना मात्र ब्रश लावू नका, पाण्याची बारीक धार पुरे. गरम पाणी नको: अपोफिलाइट एकाच दिशेने सहज फुटतो, अचानक तापला की आतून तडकतो. वाळवायचं ते सावलीत.

उरलेला कॅल्साइट सुईने हळूहळू टोकरा; निघत नसेल तर राहू द्या, तोही त्याच पोकळीत वाढलाय.