ज्युबिली म्हणून घेतलेली गाडी ज्युबिली नसेल तर?

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी मी जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका विक्रेत्याकडून 1975 ची एमजीबी जीटी, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्स गाडी, घेतली. ती फार पूर्वी इंग्लंडहून आयात झालेली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने 'ज्युबिली एडिशन, सगळं ओरिजिनल, मॅचिंग नंबर्स, ओव्हरड्राइव्ह कंपनी फिटेड' असं लिहिलं होतं. पावतीवर 'एमजीबी जीटी ज्युबिली, आहे त्या स्थितीत' एवढंच आहे. कारखान्याच्या नोंदीचा दाखला आधीच्या मालकाकडून मागवून देतो म्हणाला, तो आजवर आला नाही. हल्ली दाराचं आतलं पॅनेल काढलं तेव्हा हिरव्या रंगाखाली पांढरा रंग दिसला. इंजिनावरच्या नंबराच्या पाटीचे रिव्हेट नवे वाटतात, असं मिस्त्री म्हणतो. विक्रेता आता 'इंजिनापुरते थोडे पैसे देतो, कागदावर सही करा' म्हणतो. गाडी परत करता येईल का? पोलिसांत जाऊ का? व्हिंटेज नोंदणीचा अर्ज थांबवू का? आणि एक परिचित हीच गाडी ज्युबिली म्हणून घ्यायला तयार आहेत, त्यांना विकली तर चालेल का? (नाव न छापण्याची विनंती; पत्र संक्षिप्त करून छापलं आहे)

उत्तर : तुमच्या पत्रात 'ओरिजिनल' हा शब्द सात-आठ वेळा आला आहे. विक्रेत्याला द्यायच्या नोटिशीत तो तसाच आला तर विक्रेत्याचा वकील खूश होईल. पन्नास वर्षांच्या गाडीत टायर, पट्टे, रबर, बॅटरी मूळचे नसणारच, आणि तो तेवढंच धरून बसेल. म्हणून आधी विक्रेत्याने नेमकं काय काय सांगितलं ते सुटं करा. ही गाडी ज्युबिली आहे, हे एक. हिच्यात कारखान्यातून निघतानाचंच इंजिन आहे ('मॅचिंग नंबर्स' म्हणजे हेच), हे दुसरं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा गिअरबॉक्सचा जोडभाग, कारखान्यातच बसवलेला आहे, हे तिसरं. या तिन्हींचं कायद्यातलं वजन सारखं नाही. गाडी परत जाईल की फक्त भरपाई मिळेल, हे यातलं कोणतं विधान खोटं ठरतं त्यावर अवलंबून आहे.

पहिलं विधान गाडीच्या ओळखीचंच आहे. एमजीची पन्नाशी म्हणून 1975 मध्ये सुमारे 750 ज्युबिली काढल्या गेल्या. ब्रिटिश रेसिंग ग्रीन रंग, बाजूने सोनेरी पट्टे, व्ही-8 मॉडेलच्या धाटणीची पण काळी-सोनेरी रंगवलेली चाकं, ओव्हरड्राइव्ह, टिंटेड काचा, सीटांना हेडरेस्ट असा तिचा थाट. इंजिन मात्र साध्या एमजीबीचंच, 1798 सीसीचं. म्हणजे ज्युबिलीला वेगळं करणारं जवळजवळ सगळं सामान पाना-स्क्रूड्रायव्हरने लावता येण्याजोगं आहे. चाकं दुसऱ्या गाडीवरून येतात, पट्टे नवे चिकटवता येतात, ओव्हरड्राइव्ह तर साध्या गाडीतही मिळत असे. डॅशबोर्डवरची क्रमांकाची पट्टी तुम्ही फोटोत मोठ्या कौतुकाने दाखवली आहे. स्क्रूने बसणारी वस्तू स्क्रूने निघतेही. तिला पुरावा मानू नका.

रंगाचं तसं नाही. कारखान्यातून पांढरी निघालेली गाडी नंतर ज्युबिली होऊ शकत नाही. तुमच्या दारातला पांढरा थर म्हणूनच इंजिनाच्या रिव्हेटपेक्षा मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो. पण एका दारावरून गाडीचा निकाल लावू नका. अपघातात बदललेलं दार दुसऱ्या गाडीचं असू शकतं, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल. डिकीच्या गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या मागे, मडगार्डच्या आतल्या अंगाला, जिथे नंतरचा रंगारी सहसा पोचत नाही, तिथे कोणता रंग आहे ते पाहायला हवं. ते तुम्ही किंवा तुमच्या मिस्त्रीने खरवडून पाहायचं नाही.

खरा कागद इंग्लंडमध्ये मिळेल. ॲबिंग्डनचा एमजी कारखाना 1980 मध्ये बंद झाला, पण उत्पादनाच्या नोंदी गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या अभिलेखागारात आहेत. तिथून शुल्क भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, मूळ रंग, आतली सजावट, गाडी कधी बांधली, कुठे रवाना झाली आणि कारखान्यात बसवलेली साधनं, यांतलं जे नोंदीत असेल ते त्यावर येतं. दाखल्यासाठी विक्रेत्याची वाट पाहू नका, आजच स्वतः अर्ज करा. दुसरा कागद आपल्याकडेच आहे. ज्या आरटीओत गाडीची भारतातली पहिली नोंद झाली तिथल्या नोंदवहीचा उतारा मागवा. नोंदणीत रंग असतो, चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक असतात. आयातीच्या वेळी रंग 'पांढरा' लिहिला असेल तर निम्मं काम तिथेच झालं.

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे गफलत फार होते. या गाडीत इंजिनाचा क्रमांक ब्लॉकला रिव्हेटने ठोकलेल्या छोट्या पाटीवर असतो. म्हणजे पाटी मूळची आणि ब्लॉक दुसऱ्या गाडीचा, असं घडू शकतं. पाटीवरचा क्रमांक सर्टिफिकेटशी जुळला म्हणून इंजिन मूळचं ठरत नाही, आणि रिव्हेट नवे दिसले म्हणून ते बदललेलं आहे असंही ठरत नाही. ओव्हरहॉलच्या वेळी पाटी काढून परत लावणारे मिस्त्री आहेत. ब्लॉकवरच्या ओतकामाच्या खुणा पाहून मत देऊ शकेल असा जाणकार हवा. त्याचं लेखी मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे तज्ज्ञाचं मत म्हणून पुढे आणता येतं. तपासणीच्या आधी विक्रेत्याला तारीख, वेळ कळवून हजर राहायला लेखी बोलवा. तो आला तर उत्तम, नाही आला तर त्याला बोलावल्याचं पत्र तुमच्याकडे राहील. तोवर रंगाला, पाटीला, चेसिसवरच्या छापाला कोणी हात लावायचा नाही. साफ करण्यासाठी पॉलिश पेपर मारला आणि त्यात पुरावाच गेला, असं सहज होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरणार नाहीत. ज्या फोनवर संदेश आले तो फोन जपून ठेवा, चॅट पुसू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं हे तुमच्या वकिलांना आठवण करून द्या.

आता कायद्याकडे. गाडी ज्युबिली नाही असं सिद्ध झालं, तर वस्तुविक्री अधिनियम 1930 चं कलम 15 लागतं. वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, ही विक्रीची मूलभूत शर्त आहे. तुमच्या पावतीवर 'ज्युबिली' हा शब्द छापलेला आहे, ही तुमची सर्वांत जमेची बाजू. 'आहे त्या स्थितीत' या शब्दांना घाबरू नका. ते गाडीच्या अवस्थेबद्दल आहेत, ओळखीबद्दल नाहीत. गंज निघाला, क्लच गेला तर ते शब्द विक्रेत्याच्या कामाचे. पावतीवर एक गाडी लिहून दुसरी दिली, तर त्यांच्या आड लपता येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण वेगळीकडे आहे. याच अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे खरेदीदाराने वस्तू एकदा स्वीकारली की शर्तीचा भंग हा हमीचा भंग समजला जातो, म्हणजे वस्तू परत न जाता नुकसानभरपाईच मिळते. चौदा महिने गाडी वापरली, एकदा सर्व्हिसिंगही केलं. स्वीकार झालाच, असं विक्रेता म्हणणार. म्हणून परतीची मागणी करार अधिनियम 1872 च्या कलम 19 वर उभी करावी. कपटाने किंवा गैरनिवेदनाने मिळवलेल्या संमतीचा करार खरेदीदाराच्या इच्छेने रद्द होऊ शकतो. विक्रेत्याला खरं माहीत असणं इथे आवश्यक नाही. तो स्वतः फसलेला असला तरी निष्पाप गैरनिवेदनावरही करार रद्द करता येतो. मात्र तो निष्पाप ठरला तर कलमातला एक अपवाद त्याच्या हातात येतो. साधारण तत्परता दाखवून खरं शोधता आलं असतं, तर करार रद्द होत नाही. 'दाखला तुम्हीच का नाही मागवला?' असा तो प्रश्न असेल. त्यावर तुमचं उत्तर आहे त्याचा स्वतःचा संदेश, 'दाखला मागवून देतो'. त्या भरवशावर तुम्ही थांबलात. तो संदेश शोधून ठेवा, त्याची किंमत तुमच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीपेक्षा जास्त आहे. आणि त्याने जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं, तर हा अपवाद त्याच्या कामाचा उरत नाही.

इथे वेळ महत्त्वाची आहे. खरं कळल्यावरही मालकासारखी मजेत गाडी फिरवत राहिलात, नवीन सीटा बसवल्यात, रंग काढलात, तर तुम्ही करार कबूल केला असं धरलं जाऊ शकतं. सर्टिफिकेट हाती आलं की लगेच करार रद्द करत असल्याची नोटीस द्या, गाडी परत द्यायची तयारी त्यात लिहा, आणि गाडी झाकून ठेवा.

ज्युबिली ती खरीच निघाली आणि फक्त इंजिन किंवा ओव्हरड्राइव्ह नंतरचा निघाला, तर मी गाडी परत करायच्या भानगडीत पडणार नाही. मॅचिंग नंबर्सचा दावा लेखी आहे, त्याचा भंग झाला, तर सांगितल्याप्रमाणे असती तर गाडीची किंमत किती आणि आहे तशी किती, यातला फरक मागायचा. त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल लागेल. एकट्या ओव्हरड्राइव्हसाठी दावा लावणं मला परवडणारं वाटत नाही. तो मुद्दा तडजोडीच्या बोलण्यात वापरा.

दाद मागायला ग्राहक आयोग बरा. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मध्ये 'दोष' या शब्दात विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा उणी वस्तूही येते, आणि वस्तू विशिष्ट दर्जाची वा मॉडेलची आहे असं खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीपासून मोजली जाईल असं समजूनच चला, रंग दिसल्याच्या दिवसावर विसंबू नका. एक धोका सांगून ठेवतो. तुम्ही पत्रात 'गुंतवणूक म्हणूनही' गाडी घेतल्याचं लिहिलं आहे. नफ्यासाठी पुन्हा विकायला घेतली असं दिसलं तर तुम्ही 'ग्राहक' राहत नाही. विक्रेत्याशी झालेल्या बोलण्यात असं काही असेल तर वकिलांना आधीच दाखवा. तसं असल्यास दिवाणी न्यायालय आहेच, तिथे मुदत तीन वर्षांची आहे, आणि कपट असेल तर ती कपट उघड झाल्यापासून धरतात.

पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 प्रमाणे फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनच खोटा हेतू दाखवावा लागतो. आज हातात एक पांढरा दाराचा कोपरा आणि मिस्त्रीचा अंदाज आहे, एवढ्यावर 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून तुम्हाला परत पाठवतील. अपवाद एकच. चेसिसचा क्रमांकच खाडाखोड केलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला, तर प्रश्न गाडी चोरीची आहे का इथवर जातो, आणि मग लगेच लेखी तक्रार करा.

व्हिंटेजचा अर्ज थांबवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये आलेल्या तरतुदींप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार न झालेली गाडी या नोंदणीला पात्र ठरते, आणि समिती गाडी तपासते. इंजिनाबद्दल स्वतःलाच शंका असताना सही करून माहिती देणं धोक्याचं आहे. पुढे इंजिन वेगळं ठरलं आणि गाडी तुमच्याकडेच राहिली, तर नोंदणी प्रमाणपत्रावरचा क्रमांक आरटीओकडून दुरुस्त करून घ्या. त्याशिवाय विम्याच्या दाव्यातही अडाल.

परिचितांना गाडी ज्युबिली म्हणून विकू नका. आज तुमच्या मनात शंका आहे आणि ती तुम्ही मला लेखी कळवली आहे. उद्या विक्रेत्यावर जे आरोप तुम्ही करणार, ते परवा तुमच्यावर होतील, आणि 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय तुम्हाला नसेल. शिवाय विकलीत की परत द्यायला गाडीच उरणार नाही.

विक्रेत्याच्या कागदावर सर्टिफिकेट येईपर्यंत सही नको. असे मसुदे सहसा 'या गाडीसंबंधी कोणतीही तक्रार उरलेली नाही' या वाक्यावर संपतात. इंजिनाचे पैसे घेऊन तुम्ही ज्युबिलीचा हक्क सोडून द्याल. पुढे तडजोड करायचीच ठरली तर कागदावर मिळणारी रक्कम फक्त इंजिनापोटी असल्याचं, गाडीच्या ओळखीबद्दलचे हक्क राखून ठेवल्याचं, आणि विक्रेत्याने गाडी कोणाकडून, कोणत्या कागदांनिशी घेतली याच्या प्रती पंधरा दिवसांत देण्याचं लिहून घ्या. हे शेवटचं कलम मान्य करायला तो का कू करू लागला, तर तडजोडीचं बोलणं तिथेच थांबवा आणि नोटीस पाठवा.