पोर्तुगीज नेमकी कोठे बोलली जाते, आणि शिकायची तर कोणती?

आपण विचारले आहे की पोर्तुगीज आणि तिच्या स्पॅनिश, फ्रेंच वगैरे भगिनीभाषा जगात कोठे कोठे बोलल्या जातात, आणि ज्या भाषेचे लोक जास्त तीच शिकणे शहाणपणाचे ठरेल का. प्रश्नाचा दुसरा भाग वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच हिशेब आमच्या दाजींनी मला लातूरच्या घरी, जेवता जेवता, समजावून सांगितला होता, आणि त्याचा भुर्दंड एका तिसऱ्याच माणसाला बसला.

देशांची यादी लांबलचक दिसते, पण ती फसवी आहे. पोर्तुगाल आणि ब्राझील यांच्याबरोबर अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ तोमे व प्रिन्सिपे, पूर्व तिमोर आणि विषुववृत्तीय गिनी या देशांत पोर्तुगीज ही राजभाषा आहे. शिवाय चीनच्या ताब्यातील मकाऊ आहे. यांपैकी विषुववृत्तीय गिनीत व्यवहार स्पॅनिशमध्ये चालतो, केप व्हर्देत घरोघरी क्रेओल, म्हणजे पोर्तुगीजमधून उपजलेली मिश्र बोली, बोलतात आणि पूर्व तिमोरमध्ये बाजारात तेतुम ही तिथली भाषा ऐकू येते. अंगोलाची गोष्ट वेगळी. तेथे 2014 च्या जनगणनेत सुमारे 71 टक्के लोकांनी घरात पोर्तुगीज बोलत असल्याचे सांगितले. मोझांबिकमध्ये मात्र 2017 च्या जनगणनेनुसार ती जेमतेम 17 टक्के लोकांची मातृभाषा आहे. मी गेलो तो याच देशात.

2016 मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला, आणि मी ज्या पेढीवर कामाला होतो तिच्या मालकांनी हंगामात खरेदीवर देखरेख करण्यासाठी मला उत्तरेकडील नांपुला येथे पाठवायचे ठरवले. हातात चार महिने होते. पुण्यात पोर्तुगालच्या पद्धतीने शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्या होत्या, परंतु दाजींचे म्हणणे असे पडले की पोर्तुगाल हा एक कोटीचा देश, ब्राझील वीस कोटींचा, आणि भाषा शेवटी एकच, मग वीस कोटींची सोडून एक कोटीची कशाला शिकायची. मला ते पटले आणि मी एका ब्राझिलियन शिक्षकाचा ऑनलाइन वर्ग लावला.

नांपुलाच्या आसपासचा तूर पिकवणारा शेतकरी माखुवा ही तिथली भाषा बोलतो. माझी पोर्तुगीज, म्हणजे वीस कोटींची ती पोर्तुगीज, शेतापर्यंत पोहोचलीच नाही. ती गोदामाच्या दारापर्यंत उपयोगी पडली, आणि तेथेही अडखळत. तुरीतील ओलाव्याला मी ‘उमिदाजी’ म्हणत असे, कारण ब्राझीलच्या बहुतेक भागांत शब्दाच्या शेवटचा ‘दे’ हा ‘जी’सारखा उच्चारतात (यात दाजींवर श्लेष करण्याचा हेतू नाही). गोदामाचे वयस्कर कारकून हसत आणि माझ्या तक्त्यातील त्या शब्दाच्या सुरुवातीला पेनाने एक ‘एच’ जोडून देत, कारण पोर्तुगालच्या आणि त्यांच्या लेखनात तो असतो. मोठे नेमस्त गृहस्थ होते. पोत्यांच्या हिशेबात त्यांची एकदाही चूक निघाली नाही.

एके दिवशी दुपारी, दोन ट्रक कागदपत्रांसाठी खोळंबलेले असताना, ते मला वजनकाट्यामागे बाजूला घेऊन गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले की शुक्रवारपर्यंत ‘पागार अ प्रोपिना’ करावे लागेल, तर काही रक्कम मिळाली तर बरे होईल. ‘पागार’ हा आपल्याच ‘पगारा’चा मूळ शब्द, त्याचा अर्थ देणे. आणि ‘प्रोपिना’ म्हणजे लाच, हे मला माझ्या शिक्षकाने ब्राझीलच्या बातम्या वाचून घेताना पक्के शिकवले होते. ट्रक अडलेले, आवाज खालचा, शुक्रवारची मुदत. मला शंका घेण्याचेही सुचले नाही. आमची पेढी असले पैसे देत नाही, असे मी चार हमालांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुनावले आणि रात्री मालकांना तसे कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कारकुनांना कामावरून थांबवण्यात आले.

चौथ्या दिवशी ते एक कागद घेऊन आले. त्यांची मुलगी विद्यापीठात शिकत होती. कागदावर तिचे नाव, निळा शिक्का, आणि रकमेच्या रकान्यावर छापलेला शब्द ‘प्रोपिना’. पोर्तुगालमध्ये आणि मोझांबिकमध्ये त्याचा अर्थ विद्यापीठाची फी असा होतो. ते बिचारे पगारातून उचल मागत होते. मी मालकांना फोन केला, त्यांना परत घेतले, खाडा माझ्या खिशातून भरून दिला. पण त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ते माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलले नाहीत. ‘येस बॉस’ म्हणत, आणि तक्त्यात ‘एच’ घालणेही त्यांनी सोडून दिले.

दाजी आजही दिवाळीत म्हणतात की चूक भाषेची नसून माझ्या कानाची होती. माझे म्हणणे असे की लोकसंख्या पाहून भाषा निवडणे म्हणजे गाडी कोठे जाते हे न विचारता जास्त डबे असलेल्या गाडीत चढणे. आपल्या यादीतील इतर भाषांचेही हेच आहे. पॅरिसमध्ये ‘दिने’ म्हणजे रात्रीचे जेवण, क्वेबेकमध्ये दुपारचे. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ‘कोखेर’ हे क्रियापद अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारू नये असे आहे. रुमानियन मात्र मुख्यतः रुमानिया आणि मोल्दोवातच बोलली जात असल्याने तिथे हा घोळ बराच कमी.

आपल्याकडील उल्लेख राहून गेला. अलिबागच्या दक्षिणेला कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीजमधून उपजलेली बोली बोलतो, पण तिचे क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी गेलेले आहे, त्यामुळे लिस्बनची पोर्तुगीज शिकून तेथे गप्पा मारता येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

आणि हेही सांगायला हवे की आपल्याला साओ पाउलोला नोकरीसाठी जायचे असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून ब्राझीलचीच पोर्तुगीज शिकावी. तेथे खाजगी महाविद्यालयाच्या मासिक फीला ‘मेन्सालिदाजी’ म्हणतात, आणि कोणी खालच्या आवाजात ‘प्रोपिना’ म्हणाला, तर तो लाचेबद्दलच बोलत असतो.