वाचकांचे प्रश्न: टी पेशीला दुसरा इशारा कशाला?

प्रश्न: प्रतिजन (रोगप्रतिकारशक्ती ज्याला ओळखते तो पदार्थ) ओळखला की टी पेशी, म्हणजे एक पांढरी रक्तपेशी, कामाला लागते, असं वाचलं होतं. मग हा ‘सहउद्दीपक संकेत’ कशासाठी?

टी पेशीचा रिसेप्टर एमएचसीवर (दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या मांडणी-प्रथिनावर) मांडलेला प्रथिनाचा तुकडा ओळखतो. हा पहिला संकेत, पण तो जंतूचा की आपल्याच शरीराचा, हे त्याला कळत नाही. ती साक्ष प्रतिजन मांडणारी डेंड्रायटिक पेशी देते. जंतूचा माग लागला की तिच्या पृष्ठभागावर सीडी८० आणि सीडी८६ ही प्रथिनं वाढतात आणि टी पेशीवरचं सीडी२८ हे प्रथिन त्यांना जाऊन चिकटतं. हाच दुसरा, सहउद्दीपक संकेत. नुसत्या शुद्ध प्रथिनाची लस बहुधा फिकी पडते आणि तिच्यात अ‍ॅडज्युव्हंट (प्रतिसाद वाढवणारा पदार्थ) घालावा लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

पहिल्या संकेताने पेशीत कॅल्शियम वाढतं आणि एनफॅट हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं. सीडी२८ त्याच कामाच्या एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ यांना जोर देतं. टी पेशींना वाढवणाऱ्या आयएल-२ या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनएही जास्त वेळ टिकतो. दुसरा संकेत आलाच नाही, तर पेशी पूर्ववत राहील असं समजू नका. ती बधिर होते आणि पुढे दोन्ही संकेत मिळाले तरी धड जागी होत नाही. १९८७ मध्ये जेनकिन्स आणि श्वार्ट्झ यांनी रासायनिक प्रक्रिया केलेल्या प्लीहापेशींकरवी प्रतिजन मांडून हे दाखवलं.

प्रश्न: रक्तातल्या मिश्र एककेंद्रकी पेशींना नुसतं अँटी-सीडी३ (टी पेशीच्या रिसेप्टरला जोडलेल्या सीडी३ ला चिकटून पहिला संकेत देणारी अँटीबॉडी) दिलं की त्या वाढतात. त्यातूनच वेगळ्या केलेल्या टी पेशी मात्र ढिम्म. अँटीबॉडी खराब असेल का?

बहुधा नाही. मिश्रणातल्या मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपल्या एफसी रिसेप्टरवर, म्हणजे अँटीबॉडीचं शेपूट पकडणाऱ्या प्रथिनावर, अँटीबॉडी धरून ठेवतात आणि सीडी८६ही पुरवतात. म्हणजे दुसरा संकेत तुम्हाला फुकटात मिळत होता. पेशी शुद्ध केल्यात आणि तो गेला.

आता तो तुम्हीच द्यायचा. अँटी-सीडी३ पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खारट द्रावात) १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि ठेवून प्लेटला ४ अंशांवर रात्रभर लावा. त्या द्रावात सीरम किंवा अल्ब्युमिन नको, नाहीतर प्लास्टिकवरची जागा तेच अडवतं. सकाळी प्लेट धुवा, मग प्रति मिलि सुमारे १० लाख पेशी आणि विरघळलेलं अँटी-सीडी२८ (सीडी२८ ला चिकटून दुसरा संकेत देणारी अँटीबॉडी), १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि घाला. अँटीबॉडीच्या बाटलीत सोडियम अझाइड हे परिरक्षक नाही ना, हे आधी पाहा. ते पेशींना मारतं.

फक्त सीडी६९ (पेशी जागी झाल्याची लवकर दिसणारी खूण) बघून निकाल लावू नका. ते पहिल्या संकेतानेही काही तासांत वर येतं आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. तिसऱ्या दिवशी विभाजन मोजा. एक नियंत्रण नुसत्या अँटी-सीडी३ चं, दुसरं नुसत्या अँटी-सीडी२८ चं हवंच. दुसऱ्यात पेशी वाढल्या तर शुद्धीकरणाकडे आणि अँटीबॉडीच्या क्लोनकडे संशयाने बघा. स्मृतिपेशींना (प्रतिजन आधी भेटून गेलेल्या टी पेशींना) सीडी२८ ची गरज कमी असते, त्यामुळे दात्यागणिक फरक पडतो.

प्रश्न: हा संकेत औषधाने अडवता येतो का?

येतो. सीटीएलए-४ हे टी पेशीचं स्वतःचंच ब्रेक-प्रथिन. ते सीडी८० आणि सीडी८६ ला सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट धरतं. त्यावरूनच अ‍ॅबाटासेप्ट हे औषध घडवलं. ते संधिवाताभ संधिशोथात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) देतात. गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात. त्याचंच सुधारित भावंड बेलाटासेप्ट मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरतात, पण आधी एपस्टाइन-बार विषाणूच्या अँटीबॉडी तपासून. त्या नसतील तर ते देत नाहीत, कारण अशा रुग्णांत प्रत्यारोपणानंतर लसिका पेशींचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो.