रॅमपेक्षा थंड हवेची सोय आधी करा

प्रश्न : घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाला रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन आहे. दोन्ही कार्ब्युरेटरचे फिल्टर काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आतच आहेत. मे महिन्यात धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर विमान उचलायला फार वेळ लागतो. पुढे स्कूप (हवा घेणारं तोंड) बसवून रॅम हवा, म्हणजे विमानाच्या वेगाने दाबून आत येणारी हवा, दिली तर ताकद वाढेल का? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : वाढेल, पण रॅममुळे नव्हे. ताशी १८० किलोमीटरला रॅमचा दाब जेमतेम १५ मिलिबार, म्हणजे दीड टक्का. धावपट्टीवर, ऐन गरजेच्या वेळी, तोही मिळत नाही. खरी ताकद खाते ती उष्णता. बाहेर ४४ अंश असले की काउलिंगच्या आत सहज ७० होतात, आणि हवा ६ अंशांनी तापली की साधारण १ टक्का ताकद जाते. शंभरातली चार अश्वशक्ती तिथेच गेली.

१३५२ सीसीचं हे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ६५ लिटर हवा ओढतं. बाहेरची थंड हवा आणणाऱ्या ५० मिमीच्या नळीत तिचा वेग सेकंदाला ३३ मीटर होतो, ६३ मिमीत २१. दाबाची घट वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ६३चीच घ्या. नळी आतून गुळगुळीत, दुहेरी थराची हवी. एकेरी थराची ओढीने आत दबते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते, तेव्हा फिल्टर मोठाच घ्या.

तपासायला पारदर्शक नळीचा यू करून पाणी भरा. एक टोक एअरबॉक्सला (नळीतली हवा कार्ब्युरेटरला देणाऱ्या डब्याला), दुसरं बाहेर मोकळं. चाकांना अडण लावून पूर्ण थ्रॉटल द्या. पातळीतला १० सेंमी फरक म्हणजे १ टक्का दाब गेला. फरक ५ सेंमीच्या वर गेला तर फिल्टर लहान आहे किंवा एखादं वळण फार आवळ आहे.

आता दोन गोष्टी, ज्या हमखास राहून जातात. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) व्हेंट नळ्या, म्हणजे हवेच्या नळ्या, एअरबॉक्सलाच जोडा. त्या काउलिंगमध्ये मोकळ्या राहिल्या आणि एअरबॉक्समध्ये दाब वाढला, तर मिश्रण पातळ होऊन (पेट्रोल कमी पडून) एक्झॉस्टचं तापमान चढतं. दुसरं, काउलिंगची गरम हवा आजवर कार्ब्युरेटरला बर्फापासून वाचवत होती. थंड हवा दिलीत की पावसाळ्यात, २५ अंशांच्या दमट हवेतही, बर्फ धरू शकतो. एक्झॉस्टवर पत्र्याचा मफ (हवा तापवणारं वेष्टण) आणि ती गरम हवा कार्ब्युरेटरकडे सोडणारी कार्ब हीटची झडप बसवाच. ही गरम हवा बहुधा फिल्टरमधून येत नाही, म्हणून धुळीच्या टॅक्सीवेवर झडप बंद ठेवा.

झडपेला पॉप रिव्हेट मारू नका. त्यातली खिळी कालांतराने सुटते आणि सरळ कार्ब्युरेटरात जाते. भरीव रिव्हेट वापरा. नट-बोल्टच लावायचे तर लॉकनट लावा आणि दर ५० तासांनी हात लावून पाहा.